मूठमूठ नाचणी

चिवंगा, बुहेरा
३ जून

मायदेई,

फोन तू उचलत नाहीस. संदेश वाचतेस, दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे शांतता. म्हणून कागदावर लिहिते आहे. हरारेच्या बसचा कंडक्टर हे पत्र तुझ्या ऑफिसच्या फाटकावर देईल. तू ते फाडू शकतेस, पण फाडायला तरी हातात घ्यावं लागेल.

तुमच्या संस्थेचं वार्षिक पुस्तक आलं. एक शाळेत, एक मुखियाकडे आणि एक मला, पाकिटावर ‘अध्यक्ष, नऊ गावांची साखळी’ असं छापून. सतराव्या पानावर आई आहे. डोक्याला निळा रुमाल, हातात बियाण्याचा वाळका भोपळा, नजर कॅमेऱ्याकडे नाही. खाली लिहिलं आहे, ‘बुहेऱ्यातील ज्येष्ठ शेतकरी महिला आपलं पिढीजात बियाणं बियाणे-बँकेला आनंदाने सुपूर्द करताना.’

आनंदाने. हा शब्द तू लिहिलास, की तुमच्याकडे त्याला वेगळा माणूस असतो?

फेब्रुवारीत आपण आईला पुरलं. तू सकाळी संस्थेच्या गाडीतून आलीस आणि दुपारी गेलीस, मक्याच्या सादझाच्या ताटाला बोटही लावलं नाहीस. रेवाई अजून सगळ्यांना सांगते, “हिच्या बहिणीनं गाडीचं इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं.” मी म्हणते, केलं होतं. सख्खी शेजारीण आहे, तिला डोळे आहेत, तरी मी तुझ्यासाठी तिच्याशी खोटं बोलते.

आता एकविसावं पान. ‘स्थानिक हाताळणीतील त्रुटींमुळे काही बियाण्याची उगवण कमी झाली.’

स्थानिक म्हणजे कोण, ते सांग. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये नाचणी जेमतेम कापली होती, दाण्यात ओल होती. मुचानेता आजीनं दाणा दाताखाली धरून तुला सांगितलं होतं, “पोरी, हा अजून मऊ आहे, महिनाभर चुलीवरच्या धुरात राहू दे.” तू म्हणालीस, पाहुण्यांची तारीख ठरली आहे. पत्र्याच्या छपराची ती खोली तुम्ही बांधलीत. प्लास्टिकचे पिंप तुम्ही आणलेत. झाकणं तुमच्या माणसांनी घट्ट आवळली, त्याला वरून पट्ट्या चिकटवल्या, आणि किल्ली हरारेला गेली. नोव्हेंबरात दार उघडलं तेव्हा आतून आंबलेल्या धान्याचा वास आला. रेवाई म्हणाली, “अगं, बँकेत दारू पाडली वाटतं.” सगळ्या हसल्या. पेरल्यावर कोणी हसलं नाही. उगवण कमी झाली नाही, मायदेई. एक कोंब आला नाही.

पान सतरा आणि पान एकवीस काढून टाक. आणि इथे येऊन नऊ गावांच्या बायकांसमोर सांग की घाई कोणाची होती. मला दुसरं काही नको.

सेकेसाई


२२ जून

मायदेई,

फोनवर तुझ्या तीन ओळी मिळाल्या. ‘ताई, पत्र मिळालं. इतकी भावनाविवश होऊ नकोस. पुढच्या हंगामासाठी सुधारित मक्याच्या पाकिटांची सोय करते.’

मी पंचवीस वर्षं शाळेत शिकवलं. मुलं चूक लपवायची असली की विषय बदलतात, हे मला माहीत आहे. आम्ही नाचणीबद्दल बोलतोय आणि तू मका पाठवतेस.

मक्याची पाकिटं नको होती म्हणून तर आपण ही साखळी जोडली. विसरलीस? तेव्हा तू इथे महिनामहिना राहायचीस. पावसानं दोन वर्षं पाठ फिरवली, पाकिटातला मका गुडघ्याएवढा होऊन वाळला, आणि आईची नाचणी मात्र तिच्या त्या वाकड्या तुकड्यात उभी राहिली. तूच म्हणालीस, “ताई, हे सगळ्यांकडे का नाही?” आपण दोघी पायी नऊ गावं फिरलो. कोणाकडे काळी नाचणी होती, कोणाकडे पांढरी, कोणाकडे तांबडी चवळी. गुरुवारी कुणी जमिनीला कुदळ लावत नाही, म्हणून गुरुवारी बायका उंबराखाली जमायला लागल्या. एकीचं बी दुसरीकडे जायचं, आणि ती तिच्या शेतात येऊन एक दिवस खुरपून जायची. वही नव्हती. कुणी कुणाचं काय नेलं ते सगळ्यांच्या तोंडात होतं, आणि बुहेऱ्यातल्या बायकांच्या तोंडातून काही गळत नाही.

मग मिशनच्या शाळेतली स्वयंपाकीण माई ताकुरा एका गुरुवारी आली. तीनशे मुलींना ती ट्रकमधून आलेलं मक्याचं पांढरं पीठ खाऊ घालायची. म्हणाली, “बायांनो, मुली दहा वाजता पेंगतात. मला सकाळच्या लापशीला नाचणी द्या, दुपारी चवळी द्या.” आपण दिली. तीन वर्षं एकदाही चुकलो नाही. त्या शाळेच्या धुराकडे बघून मला वाटायचं, आपण काहीतरी केलं.

परवा माई ताकुरा पुन्हा आली. बसली नाही. रीतीप्रमाणे नमस्काराची टाळी वाजवली, माझ्या फराईची ख्यालीखुशाली विचारली, आणि म्हणाली, “माई फराई, सरळ सांगते. यंदा तुमच्याकडे जे शिल्लक होतं त्यात मी भागवलं. पण मुख्याध्यापिका बाई मला विचारतात, पुढच्या वर्षाचं काय? ऑक्टोबरअखेर त्या ट्रकवाल्याला हो म्हणणार. तुमच्या नऊ गावांनी पेरायला बी आहे असा शब्द दिला, तरच थांबतील.”

“देऊ,” मी म्हटलं.

“कुठून देणार?” तिनं विचारलं. मोठ्यांदा नाही.

तर आता गोष्ट अशी आहे. नोव्हेंबरच्या शेवटी पाऊस पडेल. तोवर बी मिळालं नाही तर शाळा जाईल, शाळा गेली की साखळी जाईल. नऊ गावांतल्या बायका मला तोंडावर काही म्हणत नाहीत. वाटेत भेटल्या की टाळी वाजवून विचारतात, “बँक कशी आहे तुमची?” तुमची. कालपर्यंत ‘आपली’ होती.

तुझी पाकिटं पाठवू नकोस. आली तर मी ती तशीच बसमध्ये ठेवून परत पाठवीन.

सेकेसाई


१४ जुलै

मायदेई,

आत्या आली होती. बाबांच्या घरात शेवटचा शब्द तिचाच. आईनं आत्याला न विचारता कधी कोंबडीसुद्धा कापली नाही, आणि आत्या ते अजून सांगते. नव्वदीला टेकली आहे, तरी दोन तास चालत आली. अंगणात चटईवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “ओलीमुळे बी मेलं असं शाळेतले लोक म्हणतात. मी म्हणते, तुमच्या आईमुळे मेलं.”

मी म्हटलं, “आत्या, ओलसर धान्य झाकणबंद केलं की कुजतं. त्यात आईचा काय संबंध?”

“शाळेत शिकवलंस ना, मग मोजता येत असेल,” ती म्हणाली. “नऊ गावांचं बी गेलं. एका गावाचं नाही, एका घराचं नाही. एवढी मोठी ओल कुठून आली?” आणि मग तिनं विचारलं, “त्या दिवशी तुमच्या आईच्या स्वयंपाकघरात काय झालं?”

मायदेई, मी तिला सांगितलं, तू भोपळे खाली काढलेस. आईनं नको म्हटलं, तरी काढलेस. आई म्हणत होती, “भोपळा रिकामा करायचा नसतो, तळाची मूठ राहू दे,” तरी तू उलटा करून थापट्या मारून झाडलास, शेवटचा दाणा पडेपर्यंत. स्वयंपाकघर आईचं. बाबासुद्धा दारात उभे राहून विचारायचे, मग आत यायचे. तू स्टुलावर चढून तिच्या चुलीवरचं बी काढलंस.

आत्या ऐकत होती. म्हणाली, “आणि तू कुठे होतीस?”

मी म्हटलं, तिथेच.

“तिथे कुठे?”

आत्यानं तपकीर ओढली. तिला घाई नव्हती.

तुला माहीत आहे मी कुठे होते. तू ते कधी कुणाला सांगितलं नाहीस आणि यासाठी मी तुझे आभार मानावेत असं तुला वाटत असेल. मानत नाही. मला ते आठवलं की तुझाच जास्त राग येतो, कारण ते बघितलेलं माणूस जगात तू एकटीच उरली आहेस.

मी आईच्या हातांना धरलं होतं. दोन्ही मनगटांना. तू तिच्या डोक्यावरचे भोपळे काढत होतीस आणि ती तुझा झगा ओढत होती, तू पडशील म्हणून मी तिला धरलं असं मी इतके महिने स्वतःला सांगत आले. पण तू खाली उतरलीस, तरी मी सोडलं नाही. तू तिन्ही भोपळे झाडेपर्यंत मी धरून उभी होते. साखळीच्या अध्यक्षाच्या आईनंच बी दिलं नाही तर बाकीच्या कशा देतील, हेच माझ्या डोक्यात होतं. तिची मनगटं किती बारीक झाली होती ते मला तेव्हा कळलं, आणि कळूनही मी धरून ठेवलं. आई ओरडली नाही. एकदाच म्हणाली, “सेकेसाई, दुखतंय.”

त्यानंतर दहा महिने ती जगली. माझ्याशी बोलायची. ‘पाणी आण’, ‘दार लोट’. नाव घेऊन नाही.

आत्याला मी हे सांगितलं. ती उठली, काठी घेतली. “मग तुला ठाऊक आहे काय करायचं ते,” म्हणाली आणि गेली.

ठाऊक आहे. तुलाही आहे. आपण लहान होतो तेव्हा खालच्या वाडीतल्या त्या माणसानं आईला ढकललं होतं आणि ती मेल्यावर त्याची गुरं एकामागून एक पडली. मग त्यानं बोत्सो केला. गोणपाट नेसून, अंगाला राख फासून, दारोदार ‘मी माझ्या आईला ढकललं, मला मूठभर नाचणी द्या’ असं ओरडत फिरला. लोक शिव्या देत होते, बायका वरून भांड्याचं धुवण ओतत होत्या, आणि त्या गोळा केलेल्या नाचणीची दारू आईच्या नावानं जमिनीवर ओतली. आपण दोघी त्याच्या मागे दगड घेऊन पळत होतो. तुझा एक लागलाही होता.

आत्याचं खरं की माझं खरं, याचा मी विचार करत नाही. ओल मला कळते. पण आईचे हात धर असं मला ओलीनं सांगितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यापासून मी चालणार आहे. तू ये. एकट्या माझ्या चालण्यानं तुझ्या वाटचं फिटत नाही.

सेकेसाई


९ ऑगस्ट

मायदेई,

तू आली नाहीस. ‘या महिन्यात मीटिंग आहेत’ असं कळवलंस. आईच्या आत्म्याच्या वेळा तुमच्या मीटिंगच्या मधे बसत नाहीत, हे मी तिला कळवीन.

पाच गावं झाली. पायांना भेगा पडल्या आहेत, आणि राखेनं गळ्याला पुरळ आला आहे. बसून लिहिते आहे कारण जे मला दिसलं ते तुला कळलंच पाहिजे. मी चिडले आहे. पण या वेळी फक्त तुझ्यावर नाही.

पहिलं दार रेवाईचं होतं. मी अंगणात उभी राहून ओरडले, “मी माझ्या आईचे हात धरून तिचं बी काढू दिलं. मला मूठभर नाचणी द्या.” तीस वर्षांपासूनची शेजारीण. माझ्या फराईची नाळ तिनं कापली. ती बाहेर आली, माझ्याकडे खालपासून वर बघितलं आणि म्हणाली, “हे गोणपाट बँकेचंच आहे का?”

पोरं हसली. तिनं बादलीतलं पाणी माझ्या अंगावर फेकलं. मग म्हणाली, “आम्हाला सभेत उभं राहून सांगितलंस, ‘तळाची मूठसुद्धा द्या, आता बँक तळ राखेल.’ बाईसाहेब, तळ राखला का?”

“नाही राखला,” मी म्हटलं.

“मोठ्यानं.”

“नाही राखला.”

तिनं आत जाऊन मूठ आणली आणि माझ्या पोत्यात टाकली. पुढच्या घराकडे चालताना मी पोत्यात बघितलं. काळी नाचणी. तिच्या सासूची, बारीक आणि काळी, जिचा शेवटचा दाणा तिनं बँकेत दिला असं माझ्यासमोर मुखियाच्या पायाशी शपथ घेऊन सांगितलं होतं.

मला वाटलं, कुणा पाहुण्याकडून आणली असेल. पण दुसऱ्या घरी पांढरी पडली. तिसऱ्या घरी तांबूस, जाड सालीची, जी त्या घराशिवाय दुसरीकडे नाहीच. मायदेई, पाच गावं, जवळजवळ सत्तर घरं. बियाणं मला चेहऱ्यासारखं ओळखू येतं. पिंपात सगळ्यांनी दिलं ते खरं, पण प्रत्येक घरानं थोडं मागे ठेवलं होतं. गेल्या पावसात घराच्या मागे, कुडाच्या आड, चार-चार हात जागेत पेरलं आणि काढलं. ‘बहिणीकडून आणलं’, ‘माहेराहून आणलं’ असं सांगितलं. एकमेकींना सांगितलं नाही, कारण प्रत्येकीला वाटत होतं चोरी तिनं एकटीनंच केली आहे. आणि आठ महिने मला विचारत होत्या, ‘तुमची बँक कशी आहे?’

फक्त एका घरात एक दाणा उरला नव्हता. आपल्या. आईच्या. कारण आपण प्रामाणिक होतो. भोपळा उलटा करून थापट्या मारण्याइतक्या प्रामाणिक.

चौथ्या गावात मी एका अंगणात बसून घेतलं. बोत्सोत बसायचं नसतं. पण पाय चालेनात. बाईनं विचारलं, “काय गं, रडतेस का?” मी म्हटलं, “रडत नाही. तुम्हाला सगळ्यांना एकेक थोबाडीत द्यावीशी वाटते आहे.” ती म्हणाली, “आज तुझी पाळी नाही. आज आमची आहे,” आणि माझ्या डोक्यावर राख टाकली. खरंच होतं ते.

पाचव्या गावात मुचानेता आजीचं घर. तिनं शिव्या दिल्या नाहीत. माझं ऐकून घेतलं, आत गेली, बराच वेळ आली नाही. आली तेव्हा मूठ बंद होती. माझ्या पोत्यावर धरून तिनं ती हळूच उघडली.

विटकरी. बारीक. टोकाला जरा चपटी.

मी पोतं मागे ओढलं. काही दाणे जमिनीवर पडले. म्हटलं, “आजी, ही आईची आहे.”

“मग कुणाची असणार? तुझ्या आईनं मला दिली, तुझा जन्म झाला त्या वर्षी. मी तिचं बाळंतपण केलं म्हणून.”

“ही दारूत नको. दुसरी द्या. ही मला पेरायला पाहिजे.”

तिनं माझ्याकडे असं बघितलं जसं मी अजून काही शिकलेच नाही. “बोत्सोला निघालीस आणि आईच्या मुठीतून वाटा काढतेस?” ती म्हणाली. “पोतं पुढे कर.”

मी केलं. तिनं जमिनीवरचे दाणेसुद्धा टिपून टाकायला लावले.

हे वाचून तुला वाटेल मी शांत झाले. नाही. मला त्या म्हातारीचा राग आला, रेवाईचा आला, पण घरी येऊन गोणपाट सोडलं तेव्हा सगळ्यात वर तूच होतीस. तू असतीस तर एका अंगणात तरी मी मान वळवून कुणाकडे बघितलं असतं.

सेकेसाई


३१ ऑगस्ट

मायदेई,

दारू झाली. सात दिवस लागतात, ते तुला माहीत आहे. आत्या रोज येऊन मडक्याला कान लावत होती. नाचणीला मोड आणताना मी पहाटे ती ओली गोणी उघडली आणि बघितलं, तर सगळे रंग एकत्र फुटले होते. काळी, पांढरी, तांबूस, विटकरी. एकही मेलेला दाणा नव्हता. मी तिथेच बसून राहिले. वाळवायच्या आधी दोन मुठी बाजूला काढायचा मोह झाला. आत्या मागे उभी होती. “हात बाहेर,” एवढंच म्हणाली.

गुरुवारी मुहाचाच्या झाडाखाली ओतली. मी सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं, मनगटांसकट. बायकांनी ऐकलं. कुणी ‘जाऊ दे’ म्हटलं नाही. आपल्याकडे ‘जाऊ दे’ म्हणत नाहीत, हे बरं आहे. मग उरलेली दारू भोपळ्याच्या पळीनं फिरली, आणि दुसऱ्या फेरीला रेवाईनंच तोंड उघडलं.

“ही बाई घरोघरी पोतं घेऊन फिरली,” ती म्हणाली, “आणि माझ्या घरासमोर हिनं पोत्यात डोकं घालून बघितलं. मला कळलं हिला कळलं. चार रात्री झोपले नाही.”

“तुझी काळी होती,” मी म्हटलं.

“होती. आणि ह्या शहाणीची?” तिनं शेजारच्या बाईला कोपर मारलं. “हिच्या माहेरी नाचणी पिकतच नाही. म्हणे माहेराहून आणली.”

मग एकेकीनं सांगितलं. कुणी हसत, कुणी चिडून, कुणी दुसरीचं आधी सांगून. “मी दोन ओंजळी.” “मी एक डबा, पण मूठच सांगितली होती नवऱ्याला.” कोणाच्या कुडामागे किती, कोणत्या मडक्यात. माई ताकुरा आली होती, ती बोटांवर मोजत बसली. लिहून घ्यायला कुणी निघालं तर आत्यानं काठी आपटली. “मागच्या वेळी लिहिलं होतं,” ती म्हणाली. सगळ्यांनी ऐकलं आहे, तेवढं पुरे.

कोण कोणाच्या शेतात किती दिवस खुरपणार, त्यावर संध्याकाळपर्यंत भांडणं झाली. ती भांडणं मी गेल्या दोन वर्षांत इतक्या आतुरतेनं ऐकली नव्हती. मुचानेता आजीच्या भोपळ्यात आईची नाचणी अजून आहे. मी मागितली. म्हणाली, “पोत्यात दिली ती तुझ्या आईची. भोपळ्यात आहे ती माझी. हवी तर दोन दिवस खुरपायला ये, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या चुलीला लाकडं आण.” मी जाणार आहे.

आता तुझं.

पाच गावांचं बी माई ताकुराला पुरत नाही. तिला नऊही लागतात. नदीपलीकडच्या चार गावांत सगळ्यात जास्त पांढरी नाचणी होती, आणि असेल, मला आता खात्री आहे. मी तिकडे गेले होते. पोतं घेऊन, राख लावून. पहिल्या गावाच्या वेशीवरच तिथल्या बायका आडव्या उभ्या होत्या. त्यांच्यातली मोठी म्हणाली, “माई फराई, तुझं आम्ही ऐकलं. तुझं झालं. आम्ही बी तुझ्या हातात दिलं नव्हतं. गाडीतून आली होती तिच्या हातात दिलं. दुसरी कुठे आहे?”

मी म्हटलं, तिच्या वाटचं मी चालते.

“दुसऱ्याचं चालता येत असतं तर माझ्या नवऱ्याचं मी कधीच चालून टाकलं असतं,” ती म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मी पण हसले. मग त्यांनी मला परत पाठवलं, रिकामं पोतं घेऊन.

म्हणून तुला लिहिते. ऑक्टोबरच्या अखेरीस शाळा उत्तर मागेल. त्याआधी तुला चार गावं चालायची आहेत. विनवत नाही. माझ्या आयुष्यात तुला इतकं कठोर मी कधी लिहिलं नाही आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही.

बसनं ये. संस्थेच्या गाडीनं आलीस तर वेशीवरून परतशील, आणि बरं होईल. गोणपाट नदीकाठच्या दुकानात मिळतं, पण नवं घेऊ नकोस, मी जुनं ठेवलं आहे. पहिल्या घरी कुत्रा आहे. तो चावत नाही, पण त्या घरची बाई बोलते. ती काय म्हणेल ते पूर्ण ऐक. मधे ‘पण’ म्हणू नकोस. दाणा मऊ होता, हे तुला तेव्हाच कळलं होतं, हे पहिल्या अंगणात सांग. पाहुण्यांची तारीख, भोपळे, थापट्या, सगळं सांग. माझं सांगू नकोस. ते झालं आहे.

तिसऱ्या गावात पायांना भेगा पडतील. तिथल्या बायका मूठ देताना मुद्दाम अर्धी देतात. तू मोजू नकोस.

मी नदीच्या अलीकडे उभी असेन. पुलावरून तुझ्याबरोबर येणार नाही. तू चौथ्या गावातून परत येईपर्यंत जेवणारही नाही. मग आपण दोघी मिळून पोतं उघडू, आणि तुला एकेक दाणा ओळखून दाखवते कोणाचा कुठला. रागावूनच दाखवीन.

सेकेसाई